बिल कुणाच्या नावे?

१ जुलै १९६२, रविवार. कॅनडात हा राष्ट्रीय सणाचा दिवस. सस्कॅचेवन प्रांतातल्या बहुतेक दवाखान्यांना त्या दिवशी कुलूप लागलं, ते मात्र सणामुळे नाही. प्रांतात सुमारे ९०० डॉक्टर होते. त्यांतल्या बहुसंख्यांनी नेहमीची प्रॅक्टिस बंद केली आणि तीसेक रुग्णालयांत तातडीची सेवा तेवढी चालू ठेवली. काही जण लांबच्या सुट्टीवर गेले, काहींनी प्रांतच सोडला. त्याच दिवशी तिथं उत्तर अमेरिकेतली पहिली सार्वत्रिक, सक्तीची आणि सरकारनं चालवलेली वैद्यकीय विमा योजना सुरू झाली होती. संप २३ दिवस चालला.

सरकार आरोग्यसेवेत मोठा बदल करू पाहतं तेव्हा डॉक्टर विरोध करतात, हे आता सगळ्या जगाच्या सवयीचं झालं आहे. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू होण्याच्या काही महिने आधी तिथल्या वैद्यकीय संघटनेनं सदस्यांचं मत घेतलं, तेव्हा दहातल्या नऊ डॉक्टरांनी योजनेविरुद्ध कौल दिला होता. अशा वेळी सामान्य माणूस एक सोपा निष्कर्ष काढतो : डॉक्टरांना पैसे हवेत. डॉक्टर तितकाच सोपा निष्कर्ष काढतात : सरकारला मतं हवीत. सस्कॅचेवनची हकिकत दोन्ही निष्कर्षांपलीकडे जाते. डॉक्टरांच्या शंकांतल्या कोणत्या खोट्या होत्या, कोणत्या खऱ्या होत्या आणि कोणत्या वेळेवर ऐकल्यामुळे मिटल्या, हे तिथं साठ वर्षांच्या अंतरावरून नीट पाहता येतं.

सस्कॅचेवन हा गव्हाचा प्रदेश. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त आणि १९६१ साली लोकसंख्या जेमतेम सव्वानऊ लाख. विरळ गावं, हाडं गोठवणारा हिवाळा. अशा ठिकाणी डॉक्टर यायचा कसा आणि आला तर टिकायचा कसा, याचं उत्तर गावांनीच शोधलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सार्निया नावाच्या एका ग्रामीण म्युनिसिपालिटीनं गाव सोडू पाहणाऱ्या डॉक्टरला करातून वार्षिक मानधन देऊन थांबवून घेतलं. १९१६ साली प्रांतानं या प्रकाराला कायद्याचा आधार दिला आणि ‘म्युनिसिपल डॉक्टर’ ही पद्धत गावोगाव पसरली.

पुढे १९३० च्या दशकात जागतिक मंदी आणि दुष्काळ एकदमच कोसळले. शेतकऱ्याच्या हाती पैसा नव्हता. डॉक्टरच्या दारात फी म्हणून कोंबड्या, बटाटे, सरपण येऊ लागलं; पुष्कळदा तेही नाही. म्हणूनच १९४३ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेनं आरोग्यविम्याचं तत्त्व मान्य केलं, आणि सस्कॅचेवनचे डॉक्टरही त्या वेळी सरकारी मदतीच्या विम्याला अनुकूल होते. एकोणीस वर्षांनंतर संपावर गेलेला व्यवसाय तो हाच. मधल्या काळात काय बदललं, हा खरा प्रश्न आहे.

१९४४ मध्ये टॉमी डग्लस प्रांताचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाला. हा मूळचा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला बाप्टिस्ट धर्मोपदेशक. लहानपणी त्याच्या पायाच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला होता. विनिपेगमध्ये पाय कापण्याची वेळ आली असताना एका शल्यचिकित्सकानं विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही केस फुकट हाती घेतली आणि पाय वाचला. मुलाचा पाय कुणाच्या तरी मेहरबानीवर अवलंबून असू नये, हे डग्लस पुढे आयुष्यभर सांगत राहिला. सत्तेवर येताच त्यानं आरोग्यखातं स्वतःकडे ठेवलं आणि वैद्यकाचे नामवंत इतिहासकार हेन्री सिगरिस्ट यांना पाहणीसाठी बोलावलं. हेच सिगरिस्ट त्याच वर्षाच्या अखेरीस, भारतातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या निमंत्रणावरून भारतातही आले होते. पैसे देता येत नाहीत म्हणून कुणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, ही भोर समितीची १९४६ सालची भूमिका आणि सस्कॅचेवनमधले प्रयोग एकाच काळातले आहेत.

डग्लसनं घाई केली नाही. १ जानेवारी १९४७ पासून आधी फक्त रुग्णालयाच्या खर्चाचा विमा आला : माणशी वर्षाला पाच डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त तीस. त्याआधी सहा महिने, १९४६ च्या जुलैत, स्विफ्ट करंट या एका विभागात डॉक्टरांची फी भरणारी योजनाही सुरू झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी विभागाच्या मंडळाशी समोरासमोर बसून दर ठरवले. प्रत्येक तपासणीमागे पैसे मिळत आणि ते वेळेवर मिळत. विभागात डॉक्टरांची संख्या वाढू लागली. पण १९५५ मध्ये असाच प्रयोग राजधानी रेजायना आणि आणखी एका विभागात करायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी विरोधी प्रचार केला आणि जनमतात दोन्ही प्रस्ताव पडले.

या मन:परिवर्तनाचं मुख्य कारण आर्थिक आहे आणि ते डॉक्टरांनी लपवलंही नव्हतं. युद्धानंतर सुबत्ता आली. सॅस्काटून आणि रेजायना इथं डॉक्टरांच्या पाठिंब्यानं ऐच्छिक विमा संस्था उभ्या राहिल्या. ज्यांना हप्ता परवडत होता त्यांची बिलं या संस्थांमार्फत चुकती होऊ लागली. १९४३ मध्ये डॉक्टरला सरकार हवं होतं, कारण रुग्णाकडे पैसे नव्हते. १९५९ मध्ये पैसे देणारी व्यवस्था डॉक्टरांच्या स्वतःच्या हातात होती. उरलेल्या गरिबांचा हप्ता सरकारनं भरावा, म्हणजे प्रश्न मिटला, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय प्रांतातले बरेच डॉक्टर ब्रिटनमधली नवी सरकारी आरोग्यसेवा नकोशी वाटून कॅनडात आले होते. समुद्र ओलांडून जे टाळलं, तेच पुन्हा दारात उभं राहत होतं.

डिसेंबर १९५९ मध्ये डग्लसनं डॉक्टरी सेवेच्या सार्वत्रिक विम्याची घोषणा केली, त्यावर डॉक्टरांनी घेतलेले आक्षेप असे होते. पैसे देणारं एकटं सरकार असेल तर दर तेच ठरवणार, आणि वाटाघाटीत डॉक्टरकडे दुसरा पर्याय उरणार नाही. दर ठरवणारा उद्या उपचारही ठरवू लागेल : ही तपासणी कशाला, ते औषध कशाला. बिलं तपासण्याच्या निमित्तानं रुग्णाची खासगी माहिती सरकारी आयोगाच्या फायलीत जाईल. सरकार बदललं, तिजोरी आटली की आरोग्याच्या खर्चाला कात्री लागेल आणि त्याचा फटका उपचारांच्या दर्जाला बसेल. या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक भीती होती : आपण स्वतंत्र व्यावसायिक आहोत, उद्या सरकारचे पगारी नोकर होऊ.

यातला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पण जून १९६० च्या निवडणुकीत डॉक्टरांच्या संघटनेनं सदस्यांकडून वर्गणी गोळा करून सरकारविरुद्ध प्रचार केला आणि त्या प्रचारानं स्वतःचीच बाजू दुबळी केली. चांगले डॉक्टर निघून जातील आणि परदेशातला गाळ येईल, असं सांगितलं गेलं. रजोनिवृत्तीच्या काळातल्या तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रियांना सरकार मनोरुग्णालयात धाडील, इथपर्यंत मजल गेली. लोकांना आपले डॉक्टर माहीत होते आणि आपलं सरकारही. डग्लसचा पक्ष पुन्हा निवडून आला.

चुका सरकारकडूनही झाल्या. नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा योजनेसाठी नेमलेल्या सल्लागार समितीचा अंतिम अहवाल यायचा होता. हाती होता तो अंतरिम. डग्लस याच सुमारास राष्ट्रीय राजकारणात गेला आणि प्रांताची सूत्रं वुड्रो लॉईड या शांत स्वभावाच्या माजी शिक्षकाकडे आली. १९६२ च्या वसंतात कायद्यात दुरुस्ती होऊन बिलाच्या व्यवहारात योजना चालवणारा सरकारी आयोग हा रुग्णाचा प्रतिनिधी ठरला. रुग्णाला कुणी कोर्टात खेचू नये, असा सरकारचा हेतू. डॉक्टरांनी त्यातून वाचलं ते असं : योजनेबाहेर राहून प्रॅक्टिस करण्याची शेवटची वाटही बुजली. ३ मे रोजी लॉईड स्वतः रेजायनाच्या सभागृहात जमलेल्या शेकडो डॉक्टरांसमोर गेला. त्याचं भाषण झाल्यावर सभेत विचारणा झाली आणि जवळजवळ सगळं सभागृह योजनेच्या विरोधात उभं राहिलं.

मग आला जुलै. संपाच्या पहिल्याच दिवशी मेंदूज्वर झालेलं एक तान्हं बाळ, आईवडील डॉक्टर शोधत गावोगाव गाडी फिरवत असताना दगावलं. ‘आमचे डॉक्टर टिकवा’ अशा घोषणांच्या नागरिक समित्या आधीपासूनच उभ्या होत्या. प्रांतातली बहुतेक वृत्तपत्रं डॉक्टरांच्या बाजूनं होती. बाहेरच्या जगातली बरीचशी विरोधात. सरकारनं ब्रिटनमधून विमानानं शेकडाभर डॉक्टर आणले. योजनेच्या बाजूच्या नागरिकांनी स्वतः पैसे उभारून सहकारी दवाखाने काढले. सॅस्काटूनचा असा दवाखाना ३ जुलैला दोन स्त्री डॉक्टरांनी सुरू केला. तो आजही चालतो. ११ जुलैला विधिमंडळासमोर विरोधकांचा प्रचंड मोर्चा निघेल असं वातावरण तयार झालं होतं. अपेक्षेच्या मानानं फारच थोडे, चार-पाच हजार लोक आले, आणि वाऱ्याची दिशा कळून चुकली.

कोंडी फोडली ती एका डॉक्टरनंच. लॉर्ड स्टीफन टेलर हे ब्रिटिश मजूर पक्षाचे सरदार, पेशानं वैद्य आणि ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या उभारणीत सहभागी असलेले. ते आले सरकारचे सल्लागार म्हणून, पण झाले मध्यस्थ. दोन्ही बाजू एका खोलीत बसायला राजी नव्हत्या. टेलर सॅस्काटूनमध्ये इकडून तिकडे निरोप आणि मसुदे नेत राहिले. २३ जुलैला करार झाला.

या करारात योजना सार्वत्रिक राहिली, सक्तीची राहिली, हप्ताही तोच राहिला : एकट्याला वर्षाला बारा डॉलर, कुटुंबाला चोवीस. बदलली ती पैसे पोचण्याची वाट. डॉक्टरला आता पर्याय मिळाले. आयोगाकडून थेट पैसे घ्यावेत. किंवा डॉक्टरांच्या विश्वासातल्या जुन्या विमा संस्थांमार्फत घ्यावेत. त्या संस्था आता टपालपेटीसारख्या, बिल आत आणि चेक बाहेर. किंवा रुग्णाला बिल द्यावं आणि रुग्णानं सरकारकडून परतावा घ्यावा. आणि कुणाला योजनेबाहेरच राहायचं असेल तर तीही मुभा. आयोगावर डॉक्टरांचे प्रतिनिधी वाढले. तिजोरीतून जाणारी रक्कम तीच होती, पण पाकिटावरचं नाव बदललं आणि ‘सरकारी नोकर’ होण्याची भीती बरीचशी ओसरली.

पुढे काय झालं? योजना डॉक्टरांच्या दरपत्रकाच्या ८५ टक्के रक्कम देत असे. कागदावर हे नुकसान. पण पूर्वी पूर्ण दराची पुष्कळ बिलं बुडत. आता ८५ टक्क्यांचं प्रत्येक बिल वसूल होऊ लागलं. काही वर्षांतच सस्कॅचेवनचे डॉक्टर देशातल्या सर्वाधिक कमावणाऱ्यांत गणले जाऊ लागले. १९६४ मध्ये डग्लसचा पक्ष हरला, विरोधक सत्तेवर आले, पण योजना मोडण्याची त्यांची हिंमत झाली नाही. त्याच वर्षी न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगानं देशभर अशीच व्यवस्था आणण्याची शिफारस केली. १९६६ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सगळा कॅनडा योजनेत आला. २००४ मध्ये कॅनडाच्या सरकारी दूरचित्रवाणीनं सर्वांत थोर कॅनेडियन कोण यावर मतदान घेतलं. निवड झाली डग्लसची. कॅनडातले बहुसंख्य डॉक्टर आजही पगारी नोकर नाहीत. ते स्वतःचा दवाखाना चालवतात आणि प्रांताच्या विम्याला बिल पाठवतात.

इथंच गोष्ट संपवली तर डॉक्टर उगाच घाबरले होते असं वाटेल. तसं नाही. स्वातंत्र्याची भीती खोटी ठरली, त्याचं एक कारण त्यांनी भांडून करारात मिळवलेल्या अटी हेच आहे. आणि त्या अटी कायम टिकल्याही नाहीत. १९८४ च्या कॅनडा आरोग्य कायद्यानं रुग्णाकडून वरकड पैसे घेऊ देणाऱ्या प्रांतांचं अनुदान कापायला सुरुवात केली. १९८६ मध्ये ऑन्टारिओच्या डॉक्टरांनी वरकड पैसे घेण्यावरच्या बंदीविरुद्ध २५ दिवस संप केला आणि ते हरले.

सरकारी तिजोरीच्या आवळलेल्या दोरीबद्दलची त्यांची शंका तर पुरती खरी ठरली. कॅनडात फी द्यावी लागत नाही, पण ताटकळावं लागतं. खुब्याचा सांधा बदलणं, तज्ज्ञाची भेट, एमआरआय यांसाठी महिनोन् महिने रांग असते. क्वेबेकमधल्या एका डॉक्टरनं आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी वाट पाहिलेल्या एका रुग्णानं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. २००५ मध्ये न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की सरकारी सेवेत इतका उशीर होत असताना खासगी विम्यावर बंदी घालणारा क्वेबेकचा कायदा प्रांताच्याच हक्कांच्या सनदेचा भंग करतो. बिल कुणी द्यायचं हा प्रश्न १९६२ च्या करारानं सोडवला होता. पुरेसे डॉक्टर, खाटा आणि यंत्रं कुठून येणार, हा प्रश्न त्यानं सोडवला नव्हता.

हे सगळं भारतात ओळखीचं वाटेल. २१ मार्च २०२३ रोजी राजस्थान विधानसभेनं आरोग्य हक्काचं विधेयक मंजूर केलं. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तातडीच्या रुग्णाला आगाऊ पैसे न मागता उपचार द्यायचे आणि रुग्णानं पैसे दिले नाहीत तर सरकार भरपाई करील, अशी त्यात तरतूद होती. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तातडीचा रुग्ण म्हणजे नेमका कोणता? भरपाई किती, कोण देणार, किती दिवसांत? तक्रार आली तर चौकशी करणाऱ्यांना वैद्यक कळणार का? दोन आठवड्यांनी, ४ एप्रिलला समझोता झाला. पन्नासपेक्षा कमी खाटांची, तसंच सरकारी जमीन वा सवलत न घेतलेली खासगी रुग्णालयं कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवायचं ठरलं. सॅस्काटूनच्या करारानं योजनेचा गाभा शाबूत ठेवून वाट बदलली होती. जयपूरच्या समझोत्यानं डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं देण्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांनाच कायद्यातून वगळलं. छोट्या नर्सिंग होमची काळजी मिटली. रात्री जवळच्या छोट्या रुग्णालयाच्या दारात पोचलेल्या अपघातग्रस्ताची मिटली नाही.

महाराष्ट्रात हक्काचा असा कायदा नाही, योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. प्रामुख्यानं पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी असलेली योजना २०२३ च्या निर्णयानं सर्व रहिवाशांसाठी खुली झाली आणि कुटुंबामागचं दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं. कागदावर हे पाऊल डग्लसच्या पावलाइतकंच लांब आहे. अंगीकृत रुग्णालयांच्या डॉक्टरांच्या तक्रारी मात्र १९६२ मधल्यांशी जुळतात : पॅकेजचे दर खर्चाला पुरत नाहीत, पूर्वमंजुरी अडकते, क्लेमचे पैसे लांबतात, कागदपत्रांतल्या त्रुटी काढून रक्कम कापली जाते. मे २०२० मध्ये कोविडच्या काळात राज्यानं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले, तेव्हाही वाद दरांच्या हिशेबावरूनच झाला. दुसऱ्या बाजूला, योजनेतल्या रुग्णाकडूनही वरकड पैसे घेतले जातात ही रुग्णांची तक्रार तितकीच जुनी आहे, आणि दराचं कारण पुढे करून तिचं समर्थन होऊ शकत नाही.

इथं सरकार आणि डॉक्टर दोघांनाही सस्कॅचेवनकडून घेण्यासारखं आहे. डॉक्टरांच्या संघटनांनी आपल्या शंका वेगवेगळ्या मांडाव्यात. दर परवडत नाही ही तक्रार आकडे देऊन करावी. तिला ‘पेशाचं स्वातंत्र्य’ हे नाव देऊ नये, कारण मग खऱ्या स्वातंत्र्याचा मुद्दा येतो तेव्हा लोक ऐकत नाहीत. सरकारनं योजनेची घोषणा करण्याआधी तीन गोष्टी लिहून द्याव्यात : दर कोण आणि कशाच्या आधारे ठरवणार, पैसे किती दिवसांत देणार, आणि उशीर झाला तर व्याज कोण भरणार. सस्कॅचेवनमध्ये २३ दिवसांच्या संपानंतर जे कागदावर आलं, त्यातलं बरंचसं संपाआधी समोरासमोर बसून ठरवता आलं असतं. स्विफ्ट करंटमध्ये ते सोळा वर्षं आधी ठरलंही होतं. महाराष्ट्रात योजना सर्वांसाठी खुली झाली आहे. या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाल्याशिवाय तिच्या यादीत चांगली रुग्णालयं टिकणार नाहीत, आणि रुग्णालयंच नसतील तर पाच लाखांचं कार्ड दाखवायचं कुणाला?